ट्रंकेतल्या साड्या पुन्हा नेसताना

लग्नाच्या आदल्या रात्रीचं संगीत, दहावीच्या जुन्या वर्गाचा स्नेहमेळावा, महिला मंडळाचं हळदीकुंकू, सगळीकडे हल्ली ‘रेट्रो थीम’ असते. निमंत्रण आलं की बायका नगरच्या कापड बाजारात जातात, मोठ्या ठिपक्यांची चकचकीत साडी, फुग्याच्या बाह्यांचा तयार ब्लाउज आणि भलेमोठे प्लॅस्टिकचे कानातले आणतात. एक संध्याकाळ हौस होते आणि तो सगळा ऐवज कपाटाच्या तळाशी जातो. १९८० ते १९८४ या वर्षांतले अस्सल कपडे मात्र आपल्याच घरात, आईच्या ट्रंकेत, सासूबाईंच्या दिवाणात, मावशीच्या माळ्यावरच्या पेटीत पडून असतात. ते ओळखावे कसे, त्यातलं काय नेसावं, काय शिंप्याकडे न्यावं आणि कशाला कात्री लावू नये, हे सांगण्यासाठी हा लेख.

त्या काळाचं चित्र आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातून आलेलं आहे. १९८० चा ‘कुर्बानी’ आणि त्यातला डिस्को, १९८१ च्या ‘सिलसिला’तल्या रेखाच्या शिफॉन साड्या, त्याच वर्षीचा ‘उमराव जान’ आणि त्यातले घेरदार अनारकली. तिकडे २९ जुलै १९८१ ला लंडनमध्ये डायनाचं लग्न झालं आणि तिच्या झग्याच्या फुगीर बाह्या जगभरच्या शिंप्यांनी उचलल्या. आपल्या जिल्ह्यातली शिक्षिका, आरोग्य केंद्रातली नर्स, साखर कारखान्याच्या किंवा बँकेच्या कचेरीतली क्लार्क हे सगळं पाहत होती, पण तिची साडी ठरत होती वेगळ्याच हिशेबाने. सकाळची एसटी गाठायची, दिवसभर उभं राहायचं, संध्याकाळी परत येऊन स्वयंपाकाला लागायचं. त्यात पाणी मोजून वापरायचं. सुती साडी धुवायची म्हणजे दोन बादल्या पाणी, मग खळ, मग इस्त्री. पॉलिस्टरची साडी अर्ध्या बादलीत निघते, रात्री दोरीवर टाकली की सकाळी नेसायला तयार, आणि एसटीच्या गर्दीतही चुरगळत नाही. पाथर्डी-जामखेड-कर्जतच्या बाजूला, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागायची, तिथे या सोयीचं मोल फार होतं. आज पॉलिस्टर म्हटलं की आपण नाक मुरडतो. त्या पिढीच्या बायकांनी मात्र ती साडी डोळसपणे निवडली होती, आणि तिच्याकडे त्याच आदराने बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बाजारातही तेव्हा मोठी उलथापालथ चालली होती. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणीच्या पॉपलीन-व्हॉइलची जागा सुरतेच्या, भिवंडीच्या, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी घेतली. त्याच १९८२ मध्ये रिलायन्सचा पाताळगंगेचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. ‘विमल’ आणि ‘गार्डन’ ही नावं साडीचीच नावं होऊन बसली. ‘गार्डनची साडी’ म्हटलं की काय म्हणायचंय ते बायकांना कळायचं: मऊ, अंगाला चिकटून उतरणारी, मोठ्या फुलांची किंवा अमूर्त आकारांची छपाई असलेली. १९८२ मध्येच दूरदर्शनवर रंग आले आणि निवेदिकांच्या साड्यांचे काठ-पदरही रंगांत दिसू लागले.

दुसरा प्रवाह हातमागाचा. जब्बार पटेल यांच्या १९८२ च्या ‘उंबरठा’मधली स्मिता पाटील यांची सुलभा आठवा. साधी सुती साडी, कपाळावर टिकली, अंगावर दागिना जवळजवळ नाही. शिकलेल्या, नोकरी किंवा चळवळ करणाऱ्या बायकांनी ते रूप आपलं मानलं. बाटिक, कलमकारी, इरकल, नारायणपेठ या साड्या त्या वर्षांत पुन्हा मानाने नेसल्या जाऊ लागल्या. नगरला तर हातमाग नवा नव्हता. शहरात लुगडी विणली जात होती आणि तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं पिढ्यानपिढ्या त्या धंद्यात होती. म्हणून जुन्या पेटीत सापडलेलं प्रत्येक सुती लुगडं ‘बाहेरून आणलेलं’ असेल असं धरून चालू नका. घरातल्या थोरल्या बाईंना आधी विचारा.

आता पेटी उघडू. साडी हातात घेतली की पहिला प्रश्न कापड कोणतं. आतल्या टोकाच्या, म्हणजे कमरेला खोचायच्या भागाच्या, सुटलेल्या दशीतून दोन धागे काढा आणि चिमट्यात धरून बशीवर जाळा. कागद जळल्यासारखा वास आला आणि भुरभुरीत राख पडली तर सूत किंवा रेयॉन. केस जळल्याचा वास आला, धागा आक्रसला आणि राखेची गोळी बोटाने चुरडली गेली तर रेशीम. धागा वितळून काळी कडक गोळी झाली तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. उभा आणि आडवा धागा वेगवेगळा जाळा, कारण दोन्ही दिशांना वेगळे धागे वापरलेल्या साड्या पुष्कळ आहेत. गिरणीच्या कापडाच्या टोकाला शिक्का असतो, तो पुसट झालेला असला तरी खिडकीशी धरून वाचा. टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण, बहुतेक वेळा ६७ टक्के आणि ३३ टक्के असं.

इरकल ओळखायला पदराशी जा. अस्सल हातमागाच्या इरकलीत अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. बोट फिरवलं की त्या जागी आडवी जाडसर रेघ लागते. अंग सुती असलं तरी लाल पदर रेशमाचा असू शकतो. हे कळलं नाही तर माणूस पूर्ण साडी गरम पाण्यात घालतो आणि पदराचा लाल रंग अंगभर पसरतो.

जरीची पारख सराफाकडे होते. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचं पाणी दिलेलं असतं. कसोटीच्या दगडावर घासून सराफ लगेच सांगतो. तांब्याची जर काळवंडते, प्लॅस्टिकची जर वर्षानुवर्षं तशीच पिवळी राहते. दारावर ‘जुनी जरीची साडी आहे का’ असं विचारत येणाऱ्यांना साडी देण्याआधी ही पारख जरूर करून घ्या. ते चांदीच्या वजनाने भाव करतात आणि साडी जाळून चांदी काढली जाते. विणकराच्या महिन्याभराच्या कामाची किंमत त्या वजनात धरलेली नसते. आईचा शालू किंवा पैठणी अशी गेली तर ती परत कुठून आणणार? बोहारणीला स्टीलच्या डब्यापातेल्यांच्या बदल्यात दिलेल्या पॉलिस्टर साड्यांचंही तेच झालं. घराघरांतून त्या इतक्या गेल्या, की १९८२ ची चांगल्या छपाईची साडी आज शालूपेक्षा दुर्मीळ आहे. सापडली तर जपा.

कापड कळलं की ताकद बघायची. रेशमी साडी घडीवर चिरते. पदराचा थोडा भाग दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हलकेच ताणा. बारीक ‘चर्र’ असा आवाज आला किंवा धागे सरकले तर ती साडी नेसायची नाही, कारण खांद्यावर पिन लावली की तिथूनच ती फाटत जाणार. अशा साडीला ‘रोल पॉलिश’लाही देऊ नका. गरम रुळातून ताणून काढताना उरलेला जीवही जातो. काठ आणि पदर मजबूत असतील तर ते सोडवून त्याच जातीच्या नव्या अंगावर लावून घेता येतात, आणि अंग थोडंच विरलं असेल तर मागून बारीक नेट लावून साडी सावरता येते. ही दोन्ही कामं रफू करणाऱ्या कसबी माणसाची आहेत. साधा शिंपी ‘करून देतो’ म्हणाला तरी आधी त्याने केलेलं काम पाहायला मागा.

धुण्याबद्दल थोडक्यात. आतल्या कोपऱ्यावर थंड पाण्यात भिजवलेलं पांढरं फडकं दाबून धरा. रंग उतरला तर घरी धुवायची नाही. रेशमाला रिठा, जरीच्या साडीला ड्रायक्लीन, पॉलिस्टरला साधा सौम्य साबण आणि कोमट इस्त्री. जॉर्जेटवर गरम इस्त्री टेकली की तिथे चकाकी येते आणि ती पुन्हा जात नाही.

आता ब्लाउज. खरी गंमत इथे आहे आणि खरी चूकही इथेच होते. आठवणीने सांगते, तेव्हाच्या बऱ्याच साड्यांना सोबत ब्लाउजपीस नसे. साडी घेतली की पिशवीत तिचा पदर घेऊन बाई ‘मॅचिंग सेंटर’ची पायरी चढायची. तिथे ‘टू बाय टू’ रुबियाच्या शेकडो छटांचे गठ्ठे रचलेले असत. रुबिया म्हणजे उभा-आडवा दोन्हीकडे दुपदरी सुताचं बारीक कापड. घाम टिपतं, अंगावर नीट बसतं आणि खूप धुण्यांना टिकतं. आजही साडी जुनी असेल तर ब्लाउज रुबियाचाच करा. चमकणाऱ्या साटीनवर जुनी साडी केविलवाणी दिसते. रंग जुळवताना दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नका. गठ्ठा आणि पदर घेऊन दारात, उजेडात या. तिथे जुळला तर जुळला. हल्ली रुबिया म्हणून मिश्र कापडही विकलं जातं, तेव्हा एक धागा मागून घेऊन जाळून बघा. कापड शिवण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात मुंढा घट्ट होतो.

त्या वर्षांतला रोजचा ब्लाउज म्हणजे कोपराच्या थोडी वर किंवा कोपरापर्यंत बाही, पुढे हुक, मागचा गळा बराचसा बंद, आणि उंची पोट झाकेल एवढी. गोल, चौकोनी किंवा होडीसारखा गळा. आज रेट्रो म्हणून मागे खोल गळा आणि दोऱ्या-लटकन लावून देतात, त्याने सगळा काळच बदलतो. शिंप्याला सांगताना मोबाईलवरच्या नटीचा फोटो न दाखवता आईचा १९८२-८३ मधला लग्नातला किंवा शाळेतला फोटो दाखवा. कोपरापर्यंतच्या बाहीला ८० सेंटीमीटर कापड ओढाताणीने पुरतं, फुग्याची बाही हवी असेल तर एक मीटर घ्याच.

फुग्याच्या बाहीबद्दल सविस्तर सांगते, कारण तिचीच मागणी सर्वांत जास्त आहे. ती १९८० नंतर पहिल्यांदा आली असं नाही. १९३०-४० च्या मराठी बोलपटांतल्या नायिकांचे फोटो पाहिले तर फुग्याच्या बाह्यांची पोलकी दिसतात. आपल्या आज्यांनीही ती घातली होती. म्हणजे ऐंशीच्या दशकातला फुगा हेच एक पुनरागमन होतं आणि आजचा फुगा त्यापुढचं. बिघडतो तो कटिंगमध्ये. खांद्याची शिवण नेहमीच्या जागी ठेवली तर चुण्या दंडावर लोंबतात आणि बाई आहे त्याहून रुंद दिसते. शिंप्याला सांगा: खांदा अर्धा इंच आत घ्या, म्हणजे फुगा खांद्याच्या वर उभा राहील. बाहीच्या डोक्याला दोन ते तीन इंच जास्त घेर, चुण्या सगळ्या वरच्या भागात, काखेकडे एकही नको. रुबिया मऊ असल्याने फुगा बसून जातो, त्यासाठी आतून नेटची बारीक पट्टी. खाली दंडावर एक इंचाची पट्टी, तीही दोन बोटं आत जातील एवढी सैल. खांदे मुळात भरदार असतील तर चुण्या निम्म्या करा, पण बाही सोडू नका. छान दिसते.

जुना ब्लाउज असेल आणि तो होत नसेल तर टाकू नका. आतल्या शिवणीत दाब किती ठेवला आहे ते उलटं करून बघा. जुने शिंपी दोन्ही बाजूंना सढळ दाब सोडत. तेवढं सोडवून भागलं नाही तर काखेखाली उभी पट्टी जोडता येते, हात खाली असला की ती दिसतही नाही.

आणि ओटीतले खण! प्रत्येक घरात त्यांची चळत असते आणि ती पुढच्या ओटीत सरकवली जाते. त्यात एखादा जुना गुळेदगुड्डचा खण सापडला तर बाजूला काढा. खणाची साडी, खणाचा ड्रेस, खणाचे कानातलेसुद्धा गेल्या काही वर्षांत जोरात आले आहेत, पण त्यातलं बरंचसं कापड यंत्रमागावरचं आहे. जुना खण पन्ह्याला लहान असतो, चोळीपुरता. एका खणात कोपरापर्यंतची बाही निघत नाही. दोन जोडीचे खण घ्या किंवा अंग खणाचं आणि बाही रुबियाची करून खणाचा काठ बाहीला लावा. साध्या सुती साडीवर हा ब्लाउज उठून दिसतो.

पंजाबी ड्रेसचं थोडं वेगळं आहे. आपल्याकडे भिंगारच्या लष्करी छावणीमुळे उत्तरेकडची कुटुंबं कायमच राहत आली, त्यामुळे सलवार-कमीज नगरकरांना अगदी अनोळखी नव्हता. पण मराठी घरातल्या मुलीने तो कॉलेजला घालून जाणं ऐंशीच्या सुरुवातीला घरात बोलणी करूनच व्हायचं. तेव्हाचा कमीज गुडघ्यापर्यंत, बाजूचे काप छोटे, खाली चुडीदार किंवा चुण्यांची सलवार, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावलेली. सध्या आखूड कमीज आणि रुंद पायांची सलवार पुन्हा आली आहे, ती याचीच नात. आईची विरलेली पण छपाई सुंदर असलेली पॉलिस्टर साडी असेल तर तिचा असा ड्रेस शिवता येतो. आत सुती अस्तर घालाच. नगरच्या एप्रिल-मेमध्ये पॉलिस्टर अंगावर घेऊन दुपारी बाहेर पडायचं धाडस नको. त्या साड्या कार्तिक ते माघ एवढ्यात नेसाव्यात, किंवा संध्याकाळी.

उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाला त्या काळाच्या वळणाचंच काही हवं असेल तर छापील व्हॉइल, नारायणपेठ किंवा माहेश्वरी. माहेश्वरी ज्यांच्या राजधानीत नावारूपाला आली त्या अहिल्याबाईंचा जन्म आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, १७२५ चा, त्यामुळे जिल्ह्याच्या ‘अहिल्यानगर’ या नव्या नावाबरोबर ही साडीही इथे आवडीने घेतली जाते. विकत घेताना काठ उलटा करून बघा. अस्सल माहेश्वरीचे काही काठ दोन्ही बाजूंनी सारखे असतात, साडी कशीही नेसली तरी चालते.

नऊवारीला कात्री लावायला मात्र माझा ठाम विरोध आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी शिवलेली नऊवारी हवी असते, मुलींना पटकन घालता येते, गाडी चालवता येते, सगळं मान्य. त्यासाठी नवं कापड घ्या. आजीचं इरकली लुगडं शिंप्याने एकदा कापलं की ते पुन्हा कोणालाही, कोणत्याही मापाला नेसता येत नाही. ऐंशीच्या सुरुवातीला आपल्या घरांत सासू नऊवारीत आणि सून गोल साडीत असायची. त्या दोन्ही साड्या एकत्र बघायला मिळालेली शेवटची मोठी पिढी आपली आहे. ज्या आज्या, आत्या अजून रोज नऊवारी नेसतात त्यांच्याकडून मुलीला नेसायला शिकवा. दोन-तीन दुपारी पुरतात, आणि त्याचा व्हिडिओ करून ठेवा.

वरच्या साजाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोठी गोल टिकली, मोत्याच्या कुड्या, एका हातात काचेच्या बांगड्या आणि दुसऱ्यात एचएमटीचं छोटं घड्याळ, वेणीत किंवा आंबाड्यावर अबोलीचा गजरा. यातल्या तीन गोष्टी पुरेत. पदर पिनांनी बारीक चुण्यांत बांधू नका. तेव्हा पदर रुंद सोडला जायचा किंवा खांद्यावरून पुढे घेतला जायचा. तसा सोडला की पॉलिस्टरची छपाई पूर्ण दिसते.

कार्यक्रम झाला की साडी लगेच घडी करून ठेवू नका. रात्रभर दांडीवर सावलीत राहू द्या, घाम सुकला पाहिजे. खळ दिलेली सुती साडी खळ धुऊन टाकल्याशिवाय पेटीत ठेवू नका, कसर खळीवरच येते. प्लॅस्टिकची पिशवी नको, जुन्या मलमलीत किंवा धुतलेल्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला लागता कामा नयेत, वेगळ्या पुरचुंडीत बांधा. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी सगळ्या साड्या एकदा बाहेर काढून वाऱ्यावर टाका, थेट उन्हात नको. नगरची हवा कोरडी आहे, बुरशीचा त्रास कोकणाएवढा होत नाही. घडीवर चिरण्याची भीती मात्र राहतेच, म्हणून घडी बदलण्यात कुचराई नको.

आणि शिंप्याकडे जायचं तर गणपती होताच जा. नवरात्रानंतर कामाचा ढीग लागतो, चांगल्या शिंप्यांच्या दुकानात दिवाळीच्या बऱ्याच आधी ‘ऑर्डर बंद’ची पाटी लागते, आणि त्यानंतर तुळशीच्या लग्नापासून लग्नसराई सुरू होते. फुग्याच्या बाहीसारखं निगुतीचं काम घाईत सोपवण्यापेक्षा साध्या रुबियाचा एक ब्लाउज आधी करून घ्या, अंगावर घालून हात वर-खाली करून बघा, मग त्याच मापावर जपून ठेवलेल्या खणाला कात्री लावू द्या.